विषय क्रमांक सात

माझा मामा नगरपालिकेत सभालिपिक होता. नगरपालिकेची सभा भरली की कोण काय बोललं आणि शेवटी काय ठरलं, ते एका जाडजूड वहीत लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. त्या लिहिण्याला इतिवृत्त म्हणतात. एकतीस वर्षं त्याने हे काम केलं, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं तो सभेच्या आदल्या दिवशीच इतिवृत्त लिहून मोकळा होत असे.

यात त्याला काही वावगं वाटायचं नाही. माणूस नाकासमोर चालणारा. आयुष्यात कधी ध चा मा केला नाही. एकदा रस्त्यात सापडलेलं कोटाचं बटण त्याने नगरपालिकेच्या सापडलेल्या वस्तूंच्या पेटीत नेऊन टाकलं आणि त्याची पावती घेतली. "मी खोटं लिहीत नाही, आधी लिहितो," असं तो म्हणायचा. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सभेत अगदी तेच व्हायचं. रस्त्यावरच्या दिव्यांची खरेदी मंजूर व्हायची, गटारांच्या झाकणांचा विषय पुढच्या सभेवर जायचा, आणि बर्फाचा कारखाना चालवणारे एक नगरसेवक, ज्यांना सगळे बर्फवालेच म्हणायचे, ते सभागृहातला पंखा आवाज करतो अशी तक्रार करायचे. एकदा ते तक्रार करायला विसरले. सभा संपल्यावर वही सहीला आली तेव्हा त्यांनी वाचलं, "अरेच्चा, हे राहिलंच की," म्हणाले, रिकाम्या सभागृहात परत गेले, खुर्च्यांना उद्देशून पंख्याची तक्रार केली आणि येऊन सही केली. यात हसण्यासारखं काय आहे ते मामाला आजतागायत कळलेलं नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. तो थोडे दिवस म्हणून आमच्याकडे आला आणि राहिला तो राहिलाच. लग्न केलं नाही. का नाही विचारलं तर म्हणायचा, "विषय पटलावर आला नाही." घरातही त्याची भाषा अशीच. चहा टाकू का, तर "हरकत नाही". मला सहलीला जायचंय, तर "तूर्त तहकूब". त्याच्या खिशाला दोन पेनं असत, एक नगरपालिकेचं आणि एक स्वतःचं. नगरपालिकेच्या पेनाने त्याने घरात किराण्याची यादीसुद्धा कधी लिहिली नाही, आणि मी एकदा त्या पेनाने गणित सोडवलं तर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आकड्यांच्या बाबतीत तर तो असह्य होता. आई पाहुण्यांना कौतुकाने सांगतेय, "हिला सोळा वर्षांची असताना पहिलं बक्षीस मिळालं," की हा कोपऱ्यातून, वर न बघता, "पंधरा." आईला तेव्हा त्याच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटायचं. मलाही वाटायचं.

सभेत विषय वाचून दाखवायचं कामही त्याचंच, आणि तिथे त्याची खरी कला होती. तो एका दमात वाचायचा. शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडायचे, कुठला कुठे संपतोय ते कळायचं नाही, आणि तो श्वास घ्यायला थांबला की सगळे नगरसेवक एका सुरात "मंजूर" म्हणायचे. तो थांबला म्हणजे विषय संपला, एवढंच त्यांना ठाऊक. काय मंजूर केलं ते कुणी ऐकलेलं नसे, पण पुढे वहीत वाचायला मिळायचंच. अठरा विषय तेरा मिनिटांत उरकायचे. एकदा मामा तापाने पडला होता तेव्हा दुसऱ्या कुणीतरी विषय नीट वाचले, तर ती सभा पाच तास चालली आणि दोन नगरसेवकांचं कायमचं बिनसलं. तेव्हापासून मामाला रजा देताना नगराध्यक्षबाई दहादा विचार करायच्या.

आता पुलाचं सांगते.

आईचं शिवणकामाचं दुकान नाल्याच्या पलीकडे. आमचं घर आणि बाजार अलीकडे. मधे जुना पादचारी पूल, समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून उभं राहायचं इतका अरुंद. त्याच्यावरून दुकान सात मिनिटांवर. पूल नसेल तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून पाऊण तास, आणि आईचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुर करायला लागलेला. गिऱ्हाइकं सगळी अलीकडची. शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला पाऊण तास कोण चालणार? भावाच्या पगारावर घर चालवायचं नाही हा आईचा हट्ट होता, त्यामुळे आमचं जेवणखाण, माझं कॉलेज, सगळं त्या एका मशीनवर चाललेलं. पूल गेला की दुकान गेलं, हे आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं.

त्या वर्षी मामाच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. भाजीवाली आईला म्हणाली, "काय हो, पूल पाडतायत म्हणे?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्ख्या नगरपालिकेचे विषय ज्याच्या हातून जातात तो माणूस आमच्याच घरात जेवत होता, आणि बातमी आणली भाजीवालीने.

"खरं आहे का रे?" आईने त्याला विचारलं.

"विषय आहे," मामा म्हणाला. "सात नंबरला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"विषयपत्रिका बाहेर फलकावर लागते, ताई. कुणीही वाचू शकतं."

आईने त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. आजूबाजूच्या त्रेपन्न लोकांच्या सह्या घेतल्या आणि कागद जेवताना त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने ताट थोडं सरकवलं. "इथं घेता येणार नाही. कार्यालयीन वेळेत आवक खिडकीवर द्यावा लागेल." दुसऱ्या दिवशी आई खरोखर दुकान अर्धा तास बंद ठेवून खिडकीवर गेली. आवक खिडकीवरचा कारकून जेवायला गेलेला, म्हणून तिथे मामाच बसला होता. त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला, क्रमांक घातला आणि सख्ख्या बहिणीला म्हणाला, "अर्जदारांनी इथं सही करावी." तो अर्ज रीतसर फाइलला लागला. फाइलला लागला म्हणजे कुणी वाचला असं होत नाही, हे सांगायला नकोच.

त्यानंतर घरात बोलणं बंद. म्हणजे आई मामाशी बोलायची नाही, माझ्यामार्फत बोलायची. "सभालिपिकांना विचार, अजून वाढू का." मामा म्हणायचा, "अर्जदारांना सांग, पुरे." मधल्या मधे मी दोघांच्या निरोपांनी वैतागून गेले होते. मला मामाचा भयंकर राग आला होता, आणि मी तो बोलूनही दाखवला. मी म्हटलं, "एक शब्द टाकायला काय जातं तुझं? नगराध्यक्षबाई ऐकतात तुझं."

"लिहिणाऱ्याने मत ठेवायचं नसतं," मामा म्हणाला. "एकदा मत ठेवलं की पुढं लिहिलेल्या ओळीवर कुणी विश्वास ठेवत नाही. मागच्या सगळ्यासुद्धा संशयात येतात. एकतीस वर्षांच्या."

सभेच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे तो वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. आई मागून पाणी घ्यायला गेली आणि थबकली. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलली.

"विषय क्रमांक सात, सर्वानुमते मंजूर. म्हणजे उद्याची सभा आज झाली?"

"व्हायची आहे."

"मग मी उद्या तिथं येऊन बसणार आहे, ते काय करायला?"

"नागरिकांना बसायला परवानगी आहे. बोलायला नाही. ऐकता येतं."

"काय ऐकता येतं?" आई म्हणाली. "तू वाचतोस ते आजवर कुणाला ऐकू आलंय? तुझं वाक्य कधी संपतं ते तुला तरी कळतं का?"

मामाने पेनाचं टोपण लावलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळण्यातला तो माणूस नव्हता. वही कापडात गुंडाळून तो खोलीत गेला.

सभागृह म्हणजे एक लांबट खोली. मधे टेबल, भोवती नगरसेवक, वर तो बदनाम पंखा, आणि मागे भिंतीला लागून नागरिकांसाठी दोन बाकं. त्या बाकांवर एरवी शिपाई दुपारची डुलकी काढायचे. आई आणि मी जाऊन बसलो तेव्हा सगळ्यांनी मान वळवून पाहिलं, आणि एका शिपायाने नाराजीने पाय खाली घेतले. आईने पिशवीतून एक शर्ट काढला आणि काजं करायला घेतली. हात रिकामे ठेवणं तिला जमत नाही, पण त्या दिवशी सुई तीनदा बोटात गेली.

मामाने सुरुवात केली. पहिले सहा विषय कधी आले आणि गेले ते कळलं नाही. मंजूर, मंजूर, मंजूर. बर्फवाले डोळे मिटून मंजूर म्हणत होते. नगराध्यक्षबाई सह्या करत होत्या. कोपऱ्यात बसलेले निवृत्त हेडमास्तर, तेही नगरसेवक, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. आईचा हात थांबला.

"विषय क्रमांक सात," मामा म्हणाला. आणि थांबला.

"मंजूर," सगळे म्हणाले.

"अजून विषय वाचलेला नाही," मामा म्हणाला.

पेन चालवणाऱ्या नगराध्यक्षबाईंनी वर पाहिलं. मामाने चष्मा पुसला, परत लावला, आणि लहान मुलाला धडा वाचून दाखवावा तसं एकेक शब्द सुटा करून वाचायला लागला. "नाल्यावरील, जुना, पादचारी पूल."

"मंजूर," बर्फवाले म्हणाले.

"वाक्य संपलेलं नाही. वापरात, नसल्याने."

"मंजूर," आणखी दोघं, जरा घाबरत.

"पाडून, टाकणे."

आता मात्र कुणी मंजूर म्हणेना. मंजूर कुठे म्हणायचं तेच कुणाला कळेनासं झालं. पंख्याचा आवाज पहिल्यांदा खरोखरच ऐकू आला.

"कुठला पूल?" नगराध्यक्षबाई म्हणाल्या.

"सोबत बांधकाम विभागाची टिप्पणी आहे," मामा म्हणाला. "वाचू?"

"वाचा."

मामाने तीही तशीच वाचली. पुलाच्या वापराची पाहणी केली. पाहणीचा दिवस मंगळवार. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पुलावरून ये-जा करणाऱ्या व्यक्ती, एकूण दोन. सबब पूल वापरात नाही.

हेडमास्तरांनी शब्दकोडं खाली ठेवलं. "मंगळवारी बाजार बंद असतो," ते म्हणाले. आमचं दुकानही मंगळवारी बंदच असायचं.

सगळे बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडे पाहायला लागले. अभियंता शिपायाकडे पाहायला लागला, कारण मोजणीला त्याला पाठवलं होतं. आमच्या शेजारी पाय खाली घेऊन बसलेला तो हाच. त्याला पुढे बोलावलं.

"मंगळवारीच का गेलास?" नगराध्यक्षबाईंनी विचारलं.

"बाकीच्या दिवशी फार गर्दी असते, बाई. मोजता येत नाही."

"बरं. आणि ही दोन माणसं कोण?"

शिपायाने मान खाजवली. "एकदा मी गेलो. एकदा मी आलो."

"तू स्वतःला मोजलंस?"

"जाणारा-येणारा प्रत्येक मोज, असं साहेबांनी सांगितलेलं. मला सोडून मोज असं नव्हतं सांगितलं. पलीकडं सावली होती म्हणून गेलो. नाहीतर शून्यच आलं असतं."

आई शर्टात तोंड खुपसून हसायला लागली आणि मला कोपर मारायला लागली. पण सभागृहात कुणी हसलं नाही. मामाच्या तोंडून पहिल्यांदाच त्यांना एक विषय पूर्ण ऐकू आला होता आणि ते जरा हादरलेच होते. मग एकदम सगळे बोलायला लागले. एकाची सासू त्या पुलावरून दवाखान्यात जायची. एकाची मुलगी शाळेत. दोघांनी तो पूल आपल्याच आजोबांनी बांधल्याचा दावा केला. बर्फवाले खुर्ची वळवून आमच्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुमचं दुकान तिकडंच ना? माझी पँट तुमच्याकडंच आहे. कंबरेत सैल करायला दिलीय."

नागरिकांना बोलायची परवानगी नव्हती. तरी आई म्हणाली, "शनिवारी देते. पूल असला तर."

पूल न पाडता दुरुस्त करावा, असं ठरलं. तेही सर्वानुमते. त्या दिवशी सभा पावणेतीन तास चालली, कारण आठव्या विषयापासून पुढे सगळ्यांनी सगळं हळू वाचायला लावलं. गटारांच्या झाकणांनी तर कहर केला.

संध्याकाळी मामा घरी आला तेव्हा आई दारातच उभी होती. "आज हळू वाचलंस," ती म्हणाली.

"खोकला होता," मामा म्हणाला. "घसा धरला होता. दमानं वाचावं लागलं." आणि पुराव्यादाखल जरासा खोकला.

आई एक क्षण त्याच्याकडे बघत राहिली. मग दवाखान्यातून खोकल्याचं औषध घेऊन आली. काळंकुट्ट, कडू, वास असा की शेजारच्यांनीही खिडकी लावून घ्यावी. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे ती त्याच्यासमोर धरायची आणि तो मुकाट्याने प्यायचा. दोन बाटल्या संपल्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची आणि अतिशहाणी. मला वाटलं, बघा, ह्याच्या घशामुळे आपला पूल वाचला, नाहीतर ह्याने काही बोट उचललं नसतं. कित्येक वर्षं मी ही गोष्ट लोकांना अशीच सांगत आले, आणि मामाला दगडाच्या काळजाचा ठरवत आले.

त्या सभेचं इतिवृत्त लिहिताना मात्र त्याची त्रेधा उडाली. वहीची पानं क्रमांक घातलेली, फाडायची सोय नाही. आणि सभा झाल्यावर लिहायची सवय मोडलेली. तो एकेका नगरसेवकाच्या घरी जाऊन, तुम्ही काय बोललात, म्हणून विचारत फिरला. हेडमास्तरांनी त्याला चहा देऊन चाळीस मिनिटांचं भाषण उतरवायला सांगितलं, स्वल्पविरामांसकट. मामाने ऐकून घेतलं आणि वहीत चारच शब्द लिहिले, मंगळवारी बाजार बंद असतो. हेडमास्तर मरेपर्यंत त्याच्यावर रुसले होते.

चार महिन्यांनी मामा निवृत्त झाला. नगरपालिकेचं पेन त्याने पावती घेऊन परत केलं.

गेल्या वर्षी आईने दुकान माझ्या नावावर केलं. त्याच सुमारास पुलाचा कठडा बदलायचा होता, तर नवीन अभियंता म्हणाला की पूल ठेवण्याचा मूळ ठराव दाखवा. मी नक्कल आणायला नगरपालिकेत गेले. नवी सभालिपिक मुलगी चांगली होती, तिने जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मामाचं अक्षर ओळखायला एक क्षण लागला नाही. विषय क्रमांक सात. खाली 'सर्वानुमते मंजूर' या शब्दांवर एक सरळ रेघ, आणि रेघेशेजारी त्याची आद्याक्षरं. त्या सबंध वहीतली ती एकुलती एक खाडाखोड. मग पुढे, कोण काय म्हणालं ते. 'एका सन्माननीय सदस्यांनी पुलापलीकडील व्यवहाराची चौकशी केली', म्हणजे पँट. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्याच ओळीत, असं:

'विषय क्रमांक सात सभालिपिकाने हेतुपुरस्सर सावकाश वाचला.'

खाली त्याची सही.

खोकल्याचा उल्लेख नव्हता. घरी आमच्याशी तो खुशाल खोटं बोलला होता, पण वहीत त्याला जमलं नव्हतं. एकतीस वर्षांत स्वतःबद्दल लिहिलेलं त्याचं हे एकच वाक्य, आणि ते असं, की त्या चार महिन्यांत कुणी वाचलं असतं तर त्याच्या निवृत्तीच्या समारंभाचं काही खरं नव्हतं. कुणी वाचलं नाही. बर्फवाल्यांनीही खाली नुसती सही ठोकली होती. मला त्या टेबलाशी उभ्या उभ्या रडू आलं, आणि ती मुलगी घाबरून पाणी आणायला धावली.

घरी आले तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते. आई चष्मा लावून उसवण काढत होती, मामा वर्तमानपत्राआड. मी नक्कल काढली आणि उभ्यानेच वाचून दाखवली. तशीच, एकेक शब्द सुटा करून.

वर्तमानपत्र हललं नाही. "नक्कल कामापुरती असते," मागून आवाज आला. "घरात वाचायची नसते."

आईने सुई कापडात खोचून ठेवली. ती त्या वर्तमानपत्राकडेच बघत होती. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं, आणि तिने दोन्हीपैकी काही लपवलं नाही.

"आणि ते घाणेरडं औषध," ती म्हणाली, "दोन बाटल्या प्यायलास रे."

"तीन," मामा म्हणाला.